दवाखान्याच्या पडवीतलं म्हायेर

पिशवी खाली ठेवा राव. सूनबाईला बसू द्या त्या बाकड्यावर, पाय सुजलेत तिचे. ही गाडी गेली तर दुसरी येईल, कासारवाडीला गाड्यांचा काय दुष्काळ न्हाई. सून म्हायेरी निघाली बाळंतपणाला, व्हय ना? मग घोटभर चहा घ्या अन् सरूबाईची गोष्ट ऐकून जा. भारी हाय.

आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रेल्वे फाटकापल्याड दौलतराव डॉक्टरचा दवाखाना. खाजगी, पण गरिबाला दारातनं हाकलणारा न्हाई. सरूबाईचा नवरा भैरू कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला, ल्योक विलास बी तिथंच चिकटलेला. विलासची बायको कस्तुरा पहिलटकरीण, नवरात्राच्या आसपास सुटणार.

अन् श्रावण सरता सरता डॉक्टरनं दारातल्या फळ्यावर खडूनं लिवलं, दसऱ्यापासून बाळंतपणाचा अन् लहान पोरांचा वॉर्ड बंद. कंपन्यांतनं रोज कुणाचं बोट तुटून येई, कुणाचा हात भाजून. बिल कंपनी भरणार. त्यांनाच खाटा पुरत न्हवत्या.

सरूबाईचं टाळकं फिरलं. आळीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिथं कापलेली. गोवर म्हणा, जुलाब म्हणा, पोरं तिथंच तगलेली. तिनं बायका गोळा केल्या अन् कडेवर पोरं घेऊन समद्या दवाखान्याच्या दारात बसल्या. पोरांनी असा गळा काढला, की आतला प्लास्टरवाला लंगडत खिडकीत आला.

डॉक्टर बाहेर आले. चिडले न्हाईत, तेच वाईट झालं.

“सरूबाई, तुमची सून कुठं बाळंत होणार?”

सरूबाईनं पदर सारखा केला. घरात कस्तुराची पिशवी भरून ठेवलेली. पहिलं बाळंतपण आईकडं, ही रीतच.

“भूमला, म्हायेरी,” मागनं केसरबाई बोलली. ही सरूबाईची शेजारीण, हिच्या तोंडात तीळ भिजायचा न्हाई.

“आणि केसरबाई, तुमची सून?”

“माजी... कऱ्हाडला.”

“त्या मागच्या बाईंची?”

“नांदेडला,” ती बाई पदराआडनं बोलली.

“म्हणजे सुना सगळ्या गावाला. त्यांची आधीची पोरं पण त्यांच्याबरोबर गावाला. मग मी खाटा अंथरू कुणासाठी? ढेकणांसाठी?”

बायका हसल्या. हसतच उठल्या, पण उठल्या.

भैरूला कळलं तवा त्याला जेवता जेवता ठसका लागला. “वा गं सरे! मोर्चा दवाखान्यावर अन् पिशवी भूमची! तुला युनियनवर घ्याया पायजे.”

“गप गिळा.”

तेवढ्यात चुलीपाशी कस्तुरा बारीक आवाजात बोलली, “आत्या, दवाखान्यातली शालन सिस्टर म्हनली, पोराचं डोकं वर हाय, पाय खाली. यष्टीनं लांब जाऊ नको म्हनली. मला भ्या वाटतंय.”

“मग आदी का न्हाई बोललीस?”

“आय घ्यायला निघाली असंल. तिला न्हाई कसं म्हनू?”

सरूबाईनं ताट बाजूला सारलं. मोर्चा आळीसाठी काढला होता, आता घरातलीच पोर अडली. भूमपल्याडच्या त्या वाडीत ना डॉक्टर, ना धड रस्ता. अन् हितं ठेवावी तर वॉर्ड बंद व्हायला निघालेला.

दुसऱ्या दिशी विहीण आली. दुर्गाबाई. डोक्यावर गाठोडं, त्यात डिंक, खारीक, अळीव, घरचं तूप. दारातच बसली. पाणी दिलं तर तांब्या मागं सारला.

“लेकीला लेकरू होईस्तवर लेकीच्या घरचं पाणी चालत न्हाई, इहीणबाई. चल गं कस्तुरे.”

“पोटातलं पोर पायाळू हाय. कस्तुरा यष्टीत बसायची न्हाई,” सरूबाई म्हनली.

“मंग म्या आल्या पावली माघारी जाऊ? भावकी इचारंल, आईला लेक जड झाली का? कामून असं करायलाव?”

दोघींचा आवाज चढला. भैरू शिफ्टला येळ असून बी सटकला. तवर केसरबाई दारात हजर.

“अवो, पाणी लेकीच्या घरचं चालत न्हाई ना? मग दवाखान्यातल्या नळाचं तर चालंल? त्यो काय तिच्या सासऱ्याचा न्हाई.” आन् डॉक्टरनं काय काय इचारलं, तेबी ढेकणांसकट सांगून मोकळी झाली.

दुर्गाबाई गाठोड्याकडं बघत बसली. डिंक माघारी न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग उठली. “दावा कुठं हाय त्यो नळ.”

दवाखान्याच्या मागच्या पडवीत तिनं तीन धोंडे मांडले, चूल पेटवली अन् डिंक तळाया घेतला. वॉचमन खंडू काठी आपटत आला अन् लाडू खात गेला. मग डॉक्टर आले, डोळे चोळत.

“हे काय चाललंय?”

“कस्तुराचं म्हायेर. जिथं आईची चूल तिथं लेकीचं म्हायेर. खाट अंथरा, डाक्टर. ढेकणं झाडून.”

डॉक्टरला हसू आलं, पण दाबलं त्यानं. “एका चुलीनं वॉर्ड भरत नाही, बाई.”

“एका चुलीतला इस्तू दुसरीला नेत्यात,” दुर्गाबाई म्हनली.

झालं! सरूबाई दारोदार फिरली. तुजी सून धाडू नगं, इहिणीला हिकडं बोलव. कऱ्हाडची आली, नांदेडची आली, एक कोकणातली नारळाचं पोतं घेऊन आली. पडवीत चुलीला चूल लागली. सुंठ किती घालायची ह्याच्यावरनं अशी भांडणं, की शालन सिस्टरला इंजेक्शन दावून गप करावं लागे. सुना गावाला गेल्या न्हाईत, म्हंजी त्यांची थोरली पोरं बी हितंच. त्यांना ताप आला, खोकला आला की पोरांच्या वॉर्डात. दोन्हीकडच्या खाटा भरल्या.

घट बसले अन् कस्तुराच्या कळा सुरू झाल्या. दोघी विहिणी दाराशी पाठीला पाठ लावून बसल्या. दुर्गाबाईच्या हातातल्या लाडवाचा चुरा झाला. मग आतनं रडू आलं, खणखणीत, अन् शालन सिस्टर घाम पुशीत बाहेर आली.

“पायाळू मुलगी. दोघी चांगल्या आहेत. येता येताच डॉक्टरांना लाथ मारली.”

दुर्गाबाईनं लेक बघितली, नात बघितली, अन् तडक सरूबाईच्या घरी जाऊन उंबऱ्याच्या आत बसली. “इहीणबाई, आता पाणी द्या.”

सरूबाईनं तांब्या भरला. दुर्गाबाईनं एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं.

“नळाचंच हाय की ह्ये बी!”

अशा हसल्या दोघी, अशा हसल्या!

दसऱ्याला डॉक्टरनं फळा पुसला. पण म्हणाला, “सरूबाई, खाटा भरल्यात तोवर वॉर्ड. रिकाम्या दिसल्या की खडू पुन्हा माझ्या हातात.” सरूबाईनं त्याच हातात आपट्याचं पान ठेवलं. “खडूऐवजी सोनं धरा, डॉक्टर.”

त्या बोलावर आजवर वॉर्ड चालू हाय. पण सणासुदीला सुना गावाकडं पळत्यात, अन् दोन खाटा मोकळ्या दिसल्या की आमची नजर आधी त्या फळ्याकडं जाती.

ही बगा, आलीच तुमची गाडी. जाऊ द्या राव तिला. सूनबाईला फाटकापल्याड घेऊन जा, शालन सिस्टरला दावा, अन् इहिणीला आजच्या आज कागद टाका, गाठोडं घेऊन हिकडंच या म्हणावं. डिंक तेवढा जरा जास्तीचा आणायला सांगा.