धुऱ्यापलीकडून आलेला कुंदा

सन १८६४. मित्रांनो, ते साल माझ्या पात्यात अजून रुतून बसले आहे. मी एक जुनी खुरपी आहे. मूर्तिजापूरकडच्या एका लोहाराने मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवून मनकर्णाबाईंच्या हाती दिले.

बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. काळ्या मातीचे एक वावर, म्हणजे शेत, त्यांच्या वाट्याला होते; त्यात त्या गहू घेत. ‘ज्या साली पीक निघणार नाही, त्या सालापासून ते धाकट्या दिराने, खुशालरावाने वाहावे,’ असे गावच्या चंद्रभान पाटलांनी ठरवून दिले होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. खुशालरावाला धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधापलीकडचे, ते वावर सरकी पेरायला हवे होते.

त्या उन्हाळ्यात त्याने आपली पडीक जमीन मोडली. तीत कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे हट्टी गवत. मुळीचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. गाडाभर मुळ्या निघाल्या. त्या त्याने धुऱ्यावरून बाईंच्या वावरात लोटल्या.

बाईंना राग आला नाही. उलट, फुकटचे खत मिळाले म्हणून त्यांनी त्या उन्हात वाळून मेलेल्या मुळ्या भादव्यात वखराने मातीत गाडल्या. त्या मातीत मी शिरले तेव्हा मला उग्र वास आला होता. पण खुरपीचे कोण ऐकतो?

नवरात्रात बाईंनी त्याच वावराची माती घटाला आणली. घटातल्या गव्हावरून गावातले लोक पुढचे पीक ओळखत. इतरांचे अंकुर वीतभर वाढले. बाईंचे पिवळे पडून मातीशीच वाकले.

दसऱ्याला पाटलांच्या ओट्यावर सगळे जमले. खुशालराव हसत म्हणाला, “देवीनंच सांगतलं, वयनी. तुमच्या वावरात गहू होत नाई. आता सरकी टाकू द्या.”

“देवी बोलत नाई म्हून तुमी बोलून राहिले का, भाऊजी?” बाई म्हणाल्या.

त्या रागारागाने वावरात गेल्या आणि मला मातीत खुपसू लागल्या. एका कोपऱ्यात मुळ्या गाडायच्या राहून गेल्या होत्या. तिथे गेल्या सुगीत सांडलेले चार दाणे हिरवेगार उगवले होते. बाकी सगळीकडे माझ्या पात्याला कुजकी मुळी लागत होती, आणि तिच्याजवळ पडलेला दाणा फुटून काळवंडला होता. बाईंनी ओंजळभर मुळ्या उकरल्या आणि घरी नेऊन मडक्यात भिजत घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कुंदा भिजवलेल्या पाण्याचे मडके घेऊन पाटलांकडे गेल्या.

“मले अजून नऊ दिवस द्या, पाटील.”

“नऊ दिवसानं काय गहू बदलन, बाई?”

“गहू तोच, माती तुमच्याच अंगणातली. पाणी तेवढं बदलते मी.”

“मीठ टाकलं असन तिनं!” ओट्यावर बसलेला खुशालराव ओरडला.

बाईंनी मडक्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि मडके त्याच्यापुढे केले. “घ्या, चाखा. मुळ्या तुमच्याच वावरातल्या हायेत.”

त्याने तोंड फिरवले.

पाटलांच्या ओट्यावर मातीचे दोन पसरट परळ ठेवले. पाणी पाटलीणबाई स्वतः घालत. नवव्या दिवशी साध्या पाण्याच्या परळात हिरवी पाती डोलत होती. कुंद्याच्या पाण्याच्या परळात दाणे निम्मेसुद्धा फुटले नव्हते; फुटले ते पिवळे.

“गवत मेलं तरी त्याचं जहर मरत नाई,” पाटील म्हणाले. “बाई, वावर तुमचंच. पण पीक काढून दाखवा.”

मग वीस दिवस बाई होत्या आणि मी होते. एकेक मुळी आम्ही उकरली, धुऱ्यावर वाळवून जाळली. खुशालराव पलीकडून पाहत असे आणि थुंकत असे. पेरणीला उशीर झाला. एक तुकडा तसाच सोडावा लागला. निम्मेच पीक आले. पण आले.

पुढे काय झाले, तेही सांगते. पुढच्या सालीच लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव उतरला. खुशालराव मरेपर्यंत वहिनीशी बोलला नाही. चंद्रभान पाटील घटाची माती स्वतः चाळून घेऊ लागले. मनकर्णाबाईंनी ते वावर बावीस वर्षे वाहिले.

शेवटच्या वर्षी खुशालरावाचा मुलगा दारात आला. त्याच्या वावरात कुंदा पुन्हा माजला होता. “काकू, खुरपी देता का?” त्याने खाली पाहत विचारले.

बाईंनी मला त्याच्या हातात दिले. “ने. पण मुळ्या इकडं लोटू नको, बापू. जाळून टाक.”

आता मी करंगळीएवढी झिजले आहे आणि गोठ्याच्या भिंतीत खोचलेली आहे. मित्रांनो, मला गंज लागू देऊ नका, एवढे मागतेच. पण त्याहून मोठे मागणे हे, की आपल्या वावरातले तण दुसऱ्याच्या धुऱ्यावर टाकू नका. मातीत गाडलेले ते गुमान पडून राहत नाही.