शांत स्वभावाची पारूबाई

पारूबाई शांत स्वभावाची होती, असं डॉक्टर माईकवर म्हणाले आणि झुंबरबाईला ठसका लागला. शेजारी बसलेल्या सुनेनं, संयोगितानं, पाण्याची बाटली पुढं केली.

"पानी नगं. ह्यो कुठल्या पारूबाईबद्दल बोलतोय, तेवढं इचार."

कळंब्याच्या विहारात पारूबाईच्या पुण्यानुमोदनाला माणूस दाटलं होतं. मंगळवार पेठेतल्या ज्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं आया होती, तिथले झाडून सगळे आले होते. जिवंतपणी 'ए मावशी'च्या पुढं जिला नाव नव्हतं, ती आता मातृतुल्य झाली होती. एकानं तर तिला मितभाषी ठरवलं. मितभाषी! जी खाली ओरडली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला कळ यायची.

झुंबरबाईनं त्याच दवाखान्यात तिच्याबरोबर बावीस वर्षं काढली. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, "वैनी, आमी हाय की," आणि पुढच्या महिन्यापासून गल्ली बदलून जायला लागले. मग पाटलांची ही चौथी शिकलेली थोरली सून कामाला निघाली. कुळं शहाण्णव होती, डब्यात पीठ नव्हतं.

पहिल्याच दिवशी चादर बदलायची म्हणून तिनं टाके घातलेल्या बाईला दंडाला धरून बसवलं. बाई किंचाळली. पारूबाई दारात हजर.

"पाटलीणबाई, घरात नवऱ्याला बी असंच उपटत हुता व्हय?"

मग तिनं दाखवलं. बाईला एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्या मागोमाग नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. बाईला उचलायचं म्हणून नाही. बाळाच्या मानेखाली हात कसा धरायचा, तोऱ्यात आलेल्या पावण्याला बाहेर कसा काढायचा, डॉक्टरचं ओरडणं कुठल्या कानानं ऐकायचं, सगळं तिनंच शिकवलं. चार शिव्या घातल्याशिवाय एक गोष्ट शिकवली नाही.

एवढं सांगायला झुंबरबाईची ना नव्हती. संयोगितानं मोबाइलवर बघून भाषणही लिहून दिलं होतं. त्यात 'वात्सल्यमूर्ती' तीनदा आलं होतं. अडत होतं ते चहापाशी.

दवाखान्यातल्या सगळ्या बायकांचा चहा पारूबाई करायची. पारूबाई बौद्ध वस्तीतली. म्हणून पहिले सात महिने झुंबरबाईनं तो प्यायला नाही. "मला पित्त हाय," म्हणायची आणि मागच्या जिन्यात बसून घरचा थर्मास उघडायची. पित्तही असं गुणाचं की घरच्या चहानं कधी खवळलं नाही. आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, अशी तिची समजूत होती. सुनेला ठाऊक नाही, भावकीला ठाऊक नाही. आज सांगावं तर पिकल्या केसांनी सुनेसमोर शोभा. गप्प बसावं तर डॉक्टरात आणि आपल्यात फरक काय?

"झुंबरमावशी दोन शब्द बोलतील," पारूबाईचा मुलगा प्रसेनजीत म्हणाला.

झुंबरबाईनं कागद सुनेच्या मांडीवर टाकला. "ठेव. मी मेल्यावर माझ्यावर वाच."

माईक तिनं तोंडाला लावला.

"पारूबाई शांत न्हवती. कजाग हुती. तरी मला मानूस तिनं केलं. आनि मी काय केलं? सात महिनं तिच्या हातचा चा पिलो न्हाय. पित्त न्हवतं मला. डोक्यात जात भरली हुती."

संयोगितानं मान खाली घातली.

"मग माजी पिशवी काढली, त्याच दवाखान्यात. घरचं कोन फिरकलं न्हाय. चादर बदलाय हीच आली. पलंगाजवळ हुबी ऱ्हाऊन इचारती, हात लावू का पाटलीणबाई, का पित्त वाढंल?"

मागं कोणीतरी हसलं आणि दचकून थांबलं.

"हसा की! म्हंजे बयेला पयल्या दिसापासनं ठावं हुतं. ठावं असून शिकवत हुती. मी रडाय लागलो तर म्हनली, टाकं तुटतील, माफी मागनं माग. त्यावर एकवीस वर्षं आमी एका डब्यात जेवलो. जगाला मी तोंडावर बोलतो, पर ती माफी काय तोंडातनं निघाली न्हाय. आज म्हनतो, उद्या म्हनतो, तवर ही निघून गेली."

ती फोटोकडं वळली.

"पारे, चुकलो मी. ऐकलंस न्हवं? परत सांगनार न्हाय."

पुढच्या ओळीत पारूबाईची लेक अक्षता डोळे पुसत होती.

"मावशी, आईला खात्री हुती. म्हणायची, झुंबरी एक ना एक दिवस बोलंल. आणि बोलाय लागली की मग कुणाच्या बाला आवरायची न्हाय."

प्रसेनजीतनं माईक घ्यायला हात पुढं केला. झुंबरबाईनं तो बाजूला सारला.

"बस खाली. अजून एकवीस वर्षं सांगायची हाईत."