कच्च्या टाक्यांची गोधडी

मी गोधडी बोलतेय. खरं तर अर्धीच, पण अर्ध्या गोधडीला वेगळं नाव नसतं, म्हणून पुरं सांगितलं. कपाटाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. शेजारी एक मोडकी छत्री आणि कुणीही न वापरलेला गालिचा. त्या दोघांनाही बोलायची हौस नाही, त्यामुळे मनात साठलेलं कुणाला सांगावं हा प्रश्नच असतो. तुम्ही थांबलात, बरं झालं.

माझा जन्म एका दुपारी जमिनीवर झाला. माझ्या मालकिणीला मी बाईच म्हणते. तर बाईने टेबल भिंतीला सरकवलं, खाली जुना पडदा अंथरला, त्यावर विटलेलं ब्लँकेट टाकलं आणि वर एकेक तुकडा मांडत गेली. तिच्या वडिलांच्या सदऱ्याची निळी पट्टी. लेकीच्या गणवेशाचा राखी चौकोन. तिचा स्वतःचा लहानपणचा फुलाफुलांचा फ्रॉक, तो तिच्या आईने इतकी वर्षं जपून ठेवलेला. मान तिरकी करून ती बघायची, एखादा तुकडा उचलायची, दुसरीकडे ठेवायची, पुन्हा होता तिथेच आणायची. कपडे विकत घेतानाही माणसं एवढा विचार करत नसतील.

मग तिने मला कच्चे टाके घातले. म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचे लांबलांब टाके, वरचं-खालचं कापड सरकू नये एवढ्यापुरते. खरी शिलाई झाली की ते उसवून फेकून द्यायचे असतात. माझे अजून जागच्या जागी आहेत.

मी कुणासाठी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाईची आई दूर, दुसऱ्या गावात, चढावरच्या एका घरात एकटी राहायची. बाई फोन शेजारी ठेवून मोठ्याने बोलायची आणि शिवायची, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं माझ्या कानावर पडायचं.

"पाय फार गार पडतात गं," म्हातारी म्हणायची. "कितीही मोजे घाल, सकाळपर्यंत गार ते गारच."

"गोधडी करतेय ना तुझ्यासाठी. या थंडीत तुझ्या पायांवर असेल बघ."

"सावकाश कर. मला कुठे पळून जायचंय."

ते दिवस माझे खरे लाडाचे. बाई एका काठापासून धावदोरा घालत निघाली होती. तिळाएवढे टाके, एका रेषेत, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान. मधेच बेसूर गुणगुणायची. माझ्यावरून हात फिरवून सुरकुती काढायची. एखाद्याच्या हाताखाली असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, आणि नंतर ते नसणंही कळलं.

माझी सवत घरामागे होती. बाग. बाग म्हणजे भाजीचे चार वाफे, एक लिंबाचं झाड आणि कुंपणावर चढलेला वेल, एवढीच. ती सासऱ्यांनी उभी केलेली. ते गेले आणि बाग बाईच्या पदरात पडली. लोक म्हणतात बागेत मन रमतं. रमत असेल, पण बाग माणसाला सोडतही नाही. पानगळीला पाला गोळा करा. मग छाटणी. मग बी टाका, रोपं करा, ती वाफ्यात लावा, तण काढा. उन्हाळा आला की पाणी, पाणी आणि पाणी. गोधडी आज राहिली तर उद्या शिवता येते, रोप आज राहिलं तर उद्या मरतं. मी हट्ट तरी कुठल्या तोंडाने करणार?

बाई माती झटकून यायची, हात धुवायची, माझ्यापाशी बसायची. पण खुरप्याने तिची बोटं इतकी खरबरीत झालेली असायची की दोरा त्यांनाच अडकायचा. ती बोटांना तेल लावायची. मग तेलाचे डाग पडतील म्हणून मला हात लावायची नाही. अशा कितीतरी दुपारी आम्ही दोघी नुसत्या समोरासमोर बसलो आहोत.

आणि घरातलं ते वेगळंच. नवरा छापखान्यात कामाला. त्याची पाळी सारखी बदलायची, त्यामुळे घरात कायम कुणीतरी जेवत असायचं आणि कुणीतरी झोपलेलं असायचं. लेक परीक्षेच्या वयाची, बोलण्यापेक्षा दार आपटून उत्तर देणारी. सासूबाई पलीकडच्या खोलीत पलंगावर. त्यांच्या हाताशी काठी होती आणि ती चालायला कमी, भिंतीवर ठोकायला जास्त लागायची. ठक ठक झालं की बाई सुई माझ्यात खुपसून उठायची.

"हात धुऊन आलेच," असं ती मलाच सांगून जायची. मला ते खरं वाटायचं.

सासूबाई तशा मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. एकदा बाईने त्यांना दाखवायला मला खोलीत नेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं हे भिजत घोंगडं वाळणार कधी?"

बाई हसली. मला मात्र राग आला. एक तर मी घोंगडं नव्हे. दुसरं म्हणजे तोवर माझ्या अंगाला पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता.

पहिली थंडी गेली. दुसरी गेली. फोनवर म्हातारी विचारायची, "कुठवर आली गं गोधडी?" आणि बाई म्हणायची, "आलीच मध्यापर्यंत." मध्यापर्यंत मी कधीच आले होते. तिथेच अडले होते. तिसऱ्या थंडीत म्हातारीने विचारणं सोडून दिलं. पायांचंही काही बोलेना. लिंबाला यंदा फळ किती धरलं, नातीचा अभ्यास कसा चाललाय, एवढंच विचारायची. बाईच्या ते लक्षात आलं नाही, तिच्यामागे व्याप काय कमी होते. माझ्या लक्षात आलं. त्या घरात वाट बघण्याखेरीज दुसरं काम नसलेली मी एकटीच होते.

ती थंडी संपत आली. उन्हं तापायला लागली म्हणून बाईने टोमॅटोची रोपं वाफ्यात लावली, आणि त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. म्हातारीच्या शेजारणीचा. म्हातारीचा ताप उतरत नव्हता, तिने अंथरूण धरलं होतं, बाईने निघून यावं हे बरं.

बाईने पिशवी भरली. मग कपाटापाशी येऊन तिने मला खाली ओढलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. मला वाटलं, निघालो एकदाचे. तिने पिशवीचा बंद ओढला, थांबली, आणि मला परत बाहेर काढलं.

"अगं, घेऊन जा ना," नवरा म्हणाला.

"अशी? अर्धवट? आईने आयुष्यात एक काम अर्धं टाकलं नाही. तिच्यासमोर काय हे उलगडू?"

"ती काय टाके मोजायला बसणार आहे?"

"नको. ती जरा बरी होऊ दे. पुढच्या खेपेला पुरी करूनच नेईन."

तिने मला मधल्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवलं आणि गेली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. ब्लँकेट आत आहे, पडदा खाली आहे, सदरा, फ्रॉक सगळं जागेवर आहे. ऊब द्यायला आणखी काय लागतं? पण मला तोंड नाही. मी खुर्चीवर बसून राहिले.

दोन-तीन दिवसांनी, ऊन कलताना, घरातला फोन वाजला. नवऱ्याचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून त्याने फोन कोपराने चालू करून ओट्यावरच ठेवला. बाईचा आवाज घाईत होता. मागे माणसं बोलत होती.

"अहो, इकडे थंडी पुन्हा पडलीये. तिकडेही कडाका पडणार म्हणतात. रोपांवर गोधडं टाका, नाहीतर सकाळपर्यंत सगळी काळी पडतील."

"कुठलं गोधडं?"

"ते आपलं जुनं हो. ठेवतेय, डॉक्टर आलेत."

आता जुनं गोधडं म्हणजे बागेतल्या छपराखाली पाण्याच्या पंपावर टाकलेलं, उंदरांनी कुरतडलेलं एक धूड होतं. बाईला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं. पण नवऱ्याने हात धुतले, मधल्या खोलीत आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. जुने सदरे, जुने फ्रॉक, लोंबणारे पांढरे दोरे. गोधडी आणि गोधडं यातला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि बागेत नेलं.

त्याने काम मात्र मायेने केलं, हे सांगायला हवं. रोपं मोडू नयेत म्हणून आधी काटक्या रोवल्या, मग मला अलगद पसरलं, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. माझ्या पोटात सुई होती, ती त्याच्या अंगठ्याला टोचली. "आई गं," म्हणून त्याने अंगठा चोखला आणि तो आत गेला.

अपमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. मग दव पडायला लागलं, ते गोठलं, माझी वरची बाजू कडक झाली, आणि खाली ती रोपं होती. माझ्याखाली कुणीतरी जगत होतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणावर तरी पांघरली गेले होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

सकाळी नवरा मला काढायला आला. एक कोपरा उचलून त्याने खाली हात घातला, माती चाचपली आणि स्वतःशीच हसला. तेवढ्यात घरात फोन वाजला. तो आत गेला. खिडकी उघडी होती. "कधी?" एवढंच मला ऐकू आलं. बराच वेळ तो परत बाहेर आला नाही. ऊन डोक्यावर आलं, माझ्यावरचं गोठलेलं दव वितळून मी चिंब झाले. मग लेक आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने मला उचलून तारेवर टाकलं आणि त्या दिवशी तिने एकही दार आपटलं नाही.

बाई सगळं उरकून आठवड्यानंतर परतली. मागच्या दाराने बागेत आली आणि तारेपाशी थबकली. मी चिखलाने माखलेली, सुई होती तिथे गंजाचा डाग.

"हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस, गोधडं टाका," नवरा दारातून म्हणाला.

"पंपावरचं म्हणत होते मी. ही गोधडी आहे हो. आईची."

 तो मान खाली घालून उभा राहिला. बाईने माझा काठ हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवत मध्यापर्यंत आली, आणि तिथून पुढे नुसतेच कच्चे टाके होते. मग तिने वाफ्याकडे पाहिलं.

"रोपं?"

"सगळी जगली. कुंपणापलीकडच्यांची एकूण एक करपली."

"हिच्याखाली? अशा अर्धवट गोधडीखाली?"

"अर्धवट कुठे, चांगली जाड आहे की. सकाळी हात घालून बघितला मी. वर बर्फासारखी आणि खाली माती कोमट."

बाई पायरीवर बसली.  मग म्हणाली, "शेवटी शेवटी तिला हुडहुडी भरत होती. मी माझी शाल घातली पायांवर. ती पुरत नव्हती हो. इकडून ओढली की तिकडून पाय उघडे."

तो तिच्याशेजारी बसला.

"ही नेली असती तर पुरली असती," बाई म्हणाली. "तिने हिच्याकडे बघितलंही नसतं. नुसती पांघरून झोपली असती."

आतून ठक ठक झालं. नवरा उठला. "आलो गं आई," म्हणाला आणि बाईला बसूनच राहायची खूण करून आत गेला.

बाईने मला धुतलं. मातीचा डाग थोडा राहिला, गंजाचा तर पुराच. मला वाटलं, आता एक तर ती मला पुरी करेल, नाहीतर चिंध्यांत टाकेल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. घडी घालून पुन्हा वरच्या खणात ठेवलं आणि दार लावलं. तिची सुई गेली, दोरा गेला, आणि मी जिच्यासाठी होते ती म्हातारी गेली. मग मी कुणाची? मोडक्या छत्रीला असे प्रश्न पडत नसावेत. मला पडत होते आणि खणात अंधार होता.

आज दुपारी ते दार उघडलं. बाई टोमॅटोला काठ्या बांधून तशीच आली होती. हातसुद्धा धुतले नव्हते. घरात कुणी नव्हतं, सासूबाईंचा डोळा लागला होता. तिने मला ओढून काढलं, जमिनीवरच आडवी झाली आणि मला अंगावर घेतलं. कच्च्या टाक्यांसकट, डागांसकट. थोडी रडली. मग रडता रडताच तिला झोप लागली. तिला भर दुपारी झोपलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे कुणासाठी तरी करायला घेतलेलं असं काही पडलं असेल, तर ते पुरं व्हायची वाट बघू नका. तसंच उचला आणि नेऊन द्या. घेणाऱ्याला त्याच्यातली कसर दिसत नाही, मी सांगते तुम्हाला.

आणि तेवढं एक काम कराल का? बाईने आत्ताच कूस बदलली, मी घसरले आणि तिचा खांदा उघडा पडलाय. खिडकीतून गार वारा येतोय. मला हात नाहीत. तिची झोप न मोडता कुणीतरी मला जरा वर ओढा.