चिठ्ठीवरचे तास

तपासनीस बाईंनी पांढऱ्या बशीत चमचाभर सॉस पातळ पसरला, वर आयोडीनचा एक थेंब सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. थेंब तपकिरी होता, तपकिरीच राहिला.

“हाही स्वच्छ,” त्या म्हणाल्या आणि तक्त्यात खूण केली.

“राहणारच! टोमॅटो, मीठ, लसूण. चौथी वस्तू आमच्या दारातून कधी आत आलेली नाही.”

हे वाक्य सॉसवाल्यांनी सकाळपासून चारदा तरी ऐकवलं होतं. गल्लीत त्यांना सगळे सॉसवाले म्हणत, पण खरं सांगायचं तर त्यांनी जन्मात वाटीभर सॉस शिजवला नव्हता. शिजवायची त्यांची बायको. हे बाटल्या धुवायचे, भरायचे, झाकणं घट्ट करायचे, दुकानांना पोचवायचे आणि बोलायचे. ती जाऊन आठ महिने झाले होते. आता पातेल्यापाशी मुलगी उभी राहायची.

आजही ती सकाळी सातपासून उभी होती. तपासणीच्या नियमात एक अख्खा घाणा डोळ्यांसमोर शिजताना पाहायचा होता, म्हणून बाईंनी आपली खुर्ची शेगडीपासून हातभर अंतरावर घेतली होती. मुलगी लांब दांड्याचा लाकडी डाव फिरवत होती. मध्येच तिने डाव उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला.

“थांबू नकोस, खाली लागेल,” सॉसवाले टेबलापासूनच म्हणाले. मग बाईंकडे वळून, “हिला सहा तास लागतात. हिची आई तीन तासांत उतरवायची. याच पातेल्यात! हात म्हणजे हात होता. पोरीला किती सांगतो, आईसारखं कर, आईसारखं कर. पण येतं कुठे!”

 मुलगी पातेल्यात बघत राहिली.

“झालं,” बाईंनी पेन टोपणात घातलं. “नियमाप्रमाणे मागच्या सहा महिन्यांचे नमुने बघायचे होते, ते सगळे स्वच्छ निघाले. हा घाणा पूर्ण झाला की माझी सही. अतिप्रक्रिया केलेलं काही नाही, असा शिक्का तुम्हाला बाटलीवर छापता येईल.”

सॉसवाल्यांची छाती फुगली, आणि तेवढ्यात कुठेतरी अडली. ते मागच्या भिंतीकडे गेले. तिथे फळ्यांवर दर घाण्यातली एकेक बाटली राखून ठेवलेली होती, उद्या कुणी तक्रार केली तर उघडून बघायला. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिठ्ठी बांधलेली असे. तारीख, टोमॅटो किती किलो, ढवळलं किती तास. अलीकडच्या चिठ्ठ्या मुलीच्या अक्षरात होत्या. वरच्या फळीपासून पलीकडचं सगळं बायकोचं होतं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर.

“मॅडम, एक विनंती,” ते म्हणाले. “हिच्या आईच्या हातची एक बाटली तपासा.”

“गरज नाही. ते मुदतीच्या बाहेरचं आहे.”

“नियमासाठी नाही हो. माझ्यासाठी. ती असती तर हा शिक्का तिच्या हातात दिला असता. निदान कुणा परक्या माणसाने कागदावर लिहावं, की तिने केलं ते शंभर टक्के खरं होतं. एवढंच.”

“बाबा,” मुलगी पातेल्यापासून म्हणाली. “कशाला? झालंय ना सगळं?”

“तू ढवळ.”

“बाबा, राहू दे ना. आईची बाटली कशाला फोडताय?”

“अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ते मलाही कळतं. पण बघू दे ना त्यांना!” आणि त्यांनी वरच्या फळीवरची शेवटून दुसरी बाटली काढून फटकन झाकण फिरवलंसुद्धा.

बाईंनी नवी बशी घेतली. सॉस पसरला. थेंब सोडला.

थेंबाच्या कडा आधी काळपट झाल्या. मग सगळा थेंब निळा झाला, शाईसारखा गडद.

सॉसवाले हसले. “बशी नीट धुतलेली नसेल.”

बाईंनी बशी पुसली, दुसरी घेतली. पुन्हा निळा.

“यात स्टार्च आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “कुठला, ते प्रयोगशाळा सांगेल. पण नुसत्या टोमॅटोत असा रंग येत नाही.”

“शक्यच नाही.” आता आवाज चढला. “ही बाटली खराब असेल. थांबा तुम्ही, थांबा!” त्यांनी शेजारची काढली. निळी. तिच्या पलीकडची. निळी. चौथी उघडताना झाकण हातातून सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. ते उचलायला कुणीच वाकलं नाही.

मग त्यांचा हात बाटलीवरून चिठ्ठीवर गेला. ‘तीन तास.’ आधीच्या आठवड्याची चिठ्ठी, तीन तास. त्याआधीची, तीन. ते बाटल्यांमागून बाटल्या मागे सारत गेले, तोंडाने पुटपुटत, एकीवरही न थांबता. आणि एका चिठ्ठीपाशी बोट थांबलं. ‘पाच तास.’ तिच्यामागच्या सगळ्या पाच तासांच्याच होत्या. कुठे साडेपाच.

त्यांनी दोन बाटल्या आणून बाईंपुढे ठेवल्या. शेवटची पाच तासांची आणि पहिली तीन तासांची. एकाच महिन्यातल्या, आठ दिवसांच्या अंतराने.

पाच तासांची तपकिरी राहिली. तीन तासांची निळी झाली.

त्या आठ दिवसांत काय झालं होतं, ते सॉसवाल्यांना तारीख न बघताही आठवत होतं. एका मोठ्या दुकानाची दर आठवड्याची मागणी आली होती, आणि त्यांनी बायकोला न सांगता हे दुप्पट पातेलं आणलं होतं. टेम्पोतून उतरवताना गल्ली गोळा झाली होती. ती दारात उभी राहून म्हणाली होती, “अगं बाई! आता मला आत बसवूनच ढवळा.” सगळे हसले होते. सगळ्यांत जास्त हेच हसले होते. आणि पुढच्याच आठवड्यात दुप्पट सॉस तीन तासांत उतरला, तेव्हा यांनी दुकानादुकानांतून सांगितलं होतं, बघा, भांडं मोठं असलं की हातही मोठा होतो.

“कोणी आणलं हे यात घालायला?” त्यांनी विचारलं. मुलीकडे त्यांची पाठ होती.

डाव फिरतच होता.

“तुला विचारतोय.”

“मी आणलं,” मुलगी म्हणाली. “बेकरीचं सामान मिळतं तिथून. सॉस घट्ट करायची पावडर. आईने सांगितलं होतं.”

“का?”

“तिचा हात वर जात नव्हता, बाबा.”

 बाईंनी आपली वही मिटली, पुन्हा उघडली.

“खांद्यापर्यंत जायचा, त्याच्या वर नाही. वेणीसुद्धा मी घालून द्यायचे. काखेत गाठ होती. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, एवढी मोठी मागणी आलीय, तुझे बाबा पहिल्यांदा इतके खूश आहेत, दोन महिने जाऊ देत, मग दाखवते. मला शपथ घातली.” तिचा श्वास लागला, पण डाव थांबला नाही. “दोन महिने झाले तेव्हा मी परत म्हटलं. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात.”

सॉसवाले खाली बसले. स्टुलावर बसायचं होतं, पण टोमॅटोच्या उलट्या क्रेटवर बसले. आठ महिने ते भेटेल त्याला सांगत होते, दीड महिन्यात गेली हो, काही कळूच दिलं नाही, धडधाकट बाई. डॉक्टरांनी विचारलं होतं, “इतके दिवस काय करत होतात?” तेव्हा ते डॉक्टरांवर ओरडले होते. आणि तिने यांचा हात दाबून म्हटलं होतं, “जाऊ द्या, त्यांना काय माहीत.”

वरच्या फळीवरची बाटली तिला काढता यायची नाही. “अहो, जरा काढून द्या ना,” म्हणायची. आणि हे काढून देताना म्हणायचे, “राणीसाहेब झालात हल्ली!” रोज म्हणायचे. तीसुद्धा हसायची रोज.

“मला का नाही सांगितलं?” त्यांनी क्रेटवरूनच विचारलं. “माझ्या लक्षात यायला नको होतं का? मी काय आंधळा होतो?”

 तपासनीस बाई खाली वाकल्या आणि टेबलाखालचं झाकण उचलून त्यांनी बाटलीवर ठेवलं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “या बाटल्या मी मागितल्या नव्हत्या. माझ्या तक्त्यात त्यांना जागाच नाही. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही चोख काम केलंय. मी तेवढंच लिहिते. हिच्या आईचं नाव कुठे येणार नाही.”

सॉसवाल्यांनी पहिल्या निळ्या बाटलीची चिठ्ठी सोडवली. तिची दोरीची गाठ सैल होती. एका हाताने बांधलेली असावी. ती सुटायला काहीच वेळ लागला नाही.

“बाटलीच्या पोटावर छापलंय ते माझं,” ते म्हणाले. “टोमॅटो, मीठ, लसूण, बाकी काही नाही. ते मी छापलं, गावभर मी ओरडलो. हे गळ्यातलं तिचं आहे. तिने तीन तास ढवळलं आणि तीनच लिहिलं. पाच लिहून टाकली असती तर मला काय कळणार होतं?” चिठ्ठी त्यांनी बाईंसमोर ठेवली. “एवढं तिने खरं लिहून ठेवलंय. लिहा तुम्ही. पावडर घातली होती, लिहा.”

“मग यंदा शिक्का मिळणार नाही. वर्षभराने पुन्हा अर्ज करावा लागेल. ज्या दुकानांना तो माल गेला त्यांनाही कळवावं लागेल.”

“लिहा.”

“कारणाचा रकाना आहे,” बाई म्हणाल्या. पेन टेकवून त्यांनी विचारलं, “काय लिहू?”

“कारण मी. माझं नाव घाला.”

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग बशा, ड्रॉपर पेटीत भरून त्या उठल्या. दारापाशी मुलीच्या पाठीवर त्यांनी क्षणभर हात ठेवला आणि गेल्या.

घड्याळात साडेअकरा झाले होते. दीड तास बाकी होता. सॉसवाले उठले, शेगडीपाशी गेले आणि त्यांनी मुलीच्या हातातून डाव घेतला.

“तुम्हाला नाही जमायचं, बाबा.”

“गप्प.”

सॉस जड झाला होता. डाव तळाला टेकवायचा, ओढायचा, वळवायचा, पुन्हा टेकवायचा. वाफ तोंडावर येत होती. उडालेला एक थेंब मनगटावर चर्रकन भाजला. दहा मिनिटांत त्यांच्या खांद्यातून कळ निघाली, पंधराव्या मिनिटाला ती मानेत गेली. दुप्पट पातेलं त्यांनी बाजारात टिचकी मारून, आवाज ऐकून पसंत केलं होतं.

“तुझा हात दुखतो का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो.”

अगदी आईसारखं म्हणाली. तेच ‘नाही हो’, पटकन आणि हसऱ्या तोंडाने. सॉसवाल्यांनी डाव सोडला, वाकून गॅस बंद केला.

“अहो, अजून दीड तास आहे! पातळ राहील सगळं. घाणा वाया जाईल!”

“राहू दे पातळ. इकडे ये. हात वर कर.”

“काय?”

“हात वर कर म्हटलं ना. उजवा.”

मुलीने उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत आला, कानाच्या वर गेला, पार छताकडे सरळ झाला. ते एकटक बघत होते.

“डावा.”

तिने डावाही वर केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

“दुखतंय कुठे? खरं सांग.”

“मनगट दुखतं,” ती म्हणाली. “रात्री फार दुखतं, बाबा.”

त्यांनी मान हलवली. तिने दोन्ही हात तसेच वर धरून ठेवले होते आणि ते खाली घे म्हणत नव्हते.