बेलाखालची जागा

२०१७ सालचा जानेवारी होता. शेतात ज्वारी हुरड्याला आली होती आणि शंकरप्पांच्या दोन मुलांनी एकमेकांशी बोलणं टाकून आठ वर्षं झाली होती.

त्या सकाळी त्यांची आई पार्वतम्मा थोरल्या सिद्धरामबरोबर सोलापूरच्या कोर्टात आल्या, त्या हुरड्याची पुरचुंडी घेऊनच.

"अव्वा, कोर्टात हुरडा?" सिद्धराम वैतागला.

"का? तितं माणसाला भूक लागत न्हाई व्हय?"

धाकट्या श्रीशैलचं सात रस्ता चौकात पाइपांचं दुकान. बाप गेल्यावर वर्षभरातच त्यानं वाटणीचा दावा लावला. विहिरीकडची बाजू दोघांनाही हवी होती. दाव्यात सिद्धराम प्रतिवादी नंबर एक आणि आई नंबर दोन. "नऊ महिने पोटात ठेवलं, अन् त्यानं मला नंबर दिला," असं पार्वतम्मा शेजारणीला हसत सांगायच्या.

आता न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं होतं. त्या खोलीत उंच खुर्ची नव्हती, पुकारा नव्हता. एक गोल टेबल, आणि सुकन्या मॅडम म्हणून पन्नाशीच्या वकीलबाई. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "इथलं बोलणं इथंच राहतं. कागदावर येतं ते फक्त ठरलेलं."

त्यांनी भावांना वेगवेगळं ऐकलं, मग समोरासमोर बसवलं. चार तारखा तशाच गेल्या. पाचव्या तारखेला, म्हणजे त्या दिवशी, सिद्धराम बोलता बोलता एकदम थांबला आणि म्हणाला, "अप्पाच्या तेराव्याला तू पंगतीतून उठून गेलास. ते लागलं मला. विहिरीचं काय एवढं न्हाई."

श्रीशैल खाली बघत राहिला. "अण्णा, मला कुणी वाढायलाच आलं न्हाई तवा."

पार्वतम्मांनी पुरचुंडी सोडून टेबलावर सरकवली. सिद्धरामनं मूठभर हुरडा घेतला आणि उरलेला भावापुढं ढकलला. "खा की. गार झालाय, पण आपल्या रानातला हाय."

त्यानंतर तासाभरात सगळं ठरलं. विहिरीकडचं सिद्धरामला, रस्त्याकडचं श्रीशैलला. आईनं आपला हिस्सा दोघांना सोडला.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात बेलाचं झाड होतं. त्याच्याखाली शंकरप्पांना लिंगायत रीतीनं बसवून माती दिली होती. त्यांनी जितेपणीच तिथं दोन दगड मांडले होते आणि बायकोला म्हणाले होते, "हितं मी, डाव्या अंगाला तू. तुझी बडबड ऐकू आली न्हाई तर मला करमायचं न्हाई." दर सोमवारी पार्वतम्मा समाधीला भस्म आणि बेल वाहायच्या, आणि शेजारच्या जागेतलं गवत उपटायच्या. घर झाडावं तसं.

तडजोडनामा वाचून झाला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुमचं काही राहिलंय का? असेल ते आत्ता सांगा. जे कागदावर नाही, ते उद्या कुणी मानेलच असं नाही."

पार्वतम्मांच्या ओठावर आलं होतं. त्यांनी समोर पाहिलं. श्रीशैल भावाच्या सदऱ्यावरची हुरड्याची कुसळं झटकत होता. आठ वर्षांनी पोरं जवळ आली, अन् या घडीला आपल्या मातीचं बोलायचं? शिवाय पोटच्या पोराकडून असली गोष्ट लिहून घ्यायची म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "काय राहिलं न्हाई." आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी हळूच विषय काढला. "श्रीशैल, ती बेलाखालची जागा..."

"अव्वा, ते काय सांगायला पाहिजे होय?"

दोन वर्षांनी श्रीशैलनं रस्त्याकडचं रान विकलं. घेणाऱ्याला त्यानं समाधीचं आणि आईच्या जागेचं सांगितलं. त्यानंही मान डोलावली. पुढं त्या घेणाऱ्यानं ते प्लॉटिंगवाल्याला विकलं. मान डोलावलेली खरेदीखतात उतरत नाही.

एका सोमवारी पार्वतम्मा गेल्या तर तारेचं कुंपण होतं. आत समाधीशेजारच्या जागेवरून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, बेलाचं झाड तोडलेलं होतं. रखवालदार म्हणाला, "मावशी, हितनं रस्ता जाणार हाय." त्या तारेला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. घरी येऊन त्यांनी हातातलं भस्म देवापुढं ठेवलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. बोललं तर पोरं पुन्हा भांडतील.

२०२२ च्या श्रावणात त्या गेल्या. दोन्ही मुलांनी मिळून त्यांना विहिरीजवळ माती दिली. नवऱ्याच्या आणि त्यांच्या मध्ये सगळं रान, कुंपण आणि रस्ता.

सुकन्या मॅडम अजून त्या खोलीत बसतात. पार्वतम्मांच्या जागेचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. फाइलवर 'तडजोड झाली' असं लिहिलं आहे, आणि ते खरंच आहे. सिद्धराम आता थकला. दोघा भावांत पुन्हा कधी भांडण झालं नाही. श्रीशैल दर सोमवारी दुकान उशिरा उघडतो, कारण तो आधी आईकडं जाऊन येतो. समाधीभोवतीचं गवत तो हातानं उपटतो. बेल मात्र त्याला बाजारातून विकत न्यावा लागतो.