रविवारचा पंप

मेहुण्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दोन गल्ल्यांपलीकडे राहणारा माणूस पत्र टाकतो, कारण समोर आलं की माझ्या जिभेला कुलूप लागतं हे त्यांना ठाऊक. लिहिलं होतं, ‘दादा, रविवारी तुम्ही खाली उतरत नाही. मला घाबरता का? घाबरत असाल तरी कळवा.’ माझी धाकटी बहीण, त्यांची बायको, येऊन सांगून गेली, हल्ली ते पुसून पुसून सायकलचा रंग घालवतायत.

ते निवृत्त लेथवाले, मी निवृत्त मुद्रितशोधक. दर रविवारी आम्ही पुलापर्यंत सायकलने जायचो. ज्याची सायकल बिघडेल त्याने नुसतं उभं राहायचं, दुरुस्ती दुसऱ्याने करायची, असा आमचा नियम. आपल्याच सायकलवर माणूस चिडतो आणि काम नासवतो, असं मेहुण्यांचं म्हणणं. मी हात लावला तर मात्र सगळं त्यांना पुन्हा करावं लागे.

त्या रविवारी चढावर माझी चेन तुटली. सपाट जागा हवी म्हणून गोदामापुढचं सिमेंट मीच दाखवलं. फाटकाकडे पाहिलंच नाही. सायकल उलटी करून मेहुणे पिन ठोकत होते, तोच आतून ट्रक आला. इथेच मरायचं ठरवलंय का, असं ड्रायव्हरने विचारलं. मान वर न करता मेहुणे म्हणाले, आधी तुमचा क्लच मरेल, वास येतोय.

तो उतरला, सायकलला लाथ घातली. उडालेली पिन शोधायला मी वाकलो, तर त्याने माझी कॉलर धरून कपाळ बॉनेटवर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं.

पितळी पंप मेहुण्यांच्या पायाशी होता. पहिला फटका जबड्यावर बसला, दात सिमेंटवर पडले. ड्रायव्हर आडवा झाला तिथेच संपायला हवं होतं. मग कोपर, बरगड्या, परत तोंड. पंप वाकला तरी हात थांबेना. मी ‘पुरे’ म्हणालो. म्हणालो असं वाटतं. माझं मलाच ऐकू आलं नाही. गोदामाच्या वॉचमनने धावत येऊन मागून मिठी मारून ओढलं, तर ते त्याच्याही अंगावर गेले.

नंतर खाली बसून, रक्ताळलेल्या बोटांनी त्यांनी पिन शोधली आणि बसवली.

“चालवून बघा, दादा,” म्हणाले. आवाज रोजचाच होता. मला भीती बसली ती त्या आवाजाची.

ड्रायव्हर वाचला, पण अजून नळीने जेवतो. मेहुणे जामिनावर आहेत. पहिला फटका माझ्यासाठी होता, एवढं कळतं. बाकीचे कुणासाठी, ते मला ठरवता येत नाही. ठरेपर्यंत लिहायचं नाही, असं म्हणत राहिलो. पण ते ठरणार नाही, आणि माणूस तिकडे सायकल पुसत बसलाय.

बरेच कागद फाडले. उरलं ते एवढंच: ‘घाबरतो. रविवारी या. नवा पंप घेतलाय, तो माझ्या सायकलला राहील.’

कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकलं, आणि पडल्याचा आवाज ऐकूनच घरी वळलो.