तव्यांवरची फळी

"वैनी, चढा बरं जरा," रखमाजी लोहार म्हणाला. "दांड्याला हात पुरतोय का बघू."

अंबूबाईने पदर खोचला आणि फळीवर पाय ठेवला. फळीखाली लोखंडाचे आठ तवे, ढेकळे फोडायच्या गोल चकत्या, दोन ओळींत तिरपे उभे होते. रखमाजीने सकाळपासून कानशीने त्यांच्या कडा घासल्या होत्या, त्या उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. फळी बाभळीची, नवी. तिच्या पुढच्या अंगाला कमरेइतका उंच लोखंडी दांडा ठोकलेला, धरायला.

"पुरतोय," ती म्हणाली. "पर खाली वाघाचं तोंडच ठिवलंय की, भावजी."

"म्हणून तर दांडा केला. बैलांमागच्या मैंदावर कुटं हुता दांडा? तितं नवऱ्याच्या भरवशावरच ऱ्हायलासा न्हवं?"

"नवऱ्याच्या न्हाई, बैलांच्या!"

सगळे हसले. तिचा नवरा कोंडाजीही हसला. तो यंत्राच्या लोखंडी बैठकीवरची धूळ मुंडाशाच्या टोकाने पुसत होता.

यंत्र लोणावळ्याच्या चिंतामणरावांचे. औंढ्याला त्यांचा मळा होता, आणि कोंडाजी तिथे वीस वर्षे बैलांचे औत हाकत होता. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी चिंतामणरावांनी हा बागेतला लहानसा ट्रॅक्टर आणवला. मालगाडीने खोक्यात बसून आला तो नुसता. ओढायचे काय, ते खोक्यात नव्हते. मग ते सगळे रखमाजीच्या भात्यावर जुळवावे लागले. बैलांच्या लोखंडी नांगराचा दांडा कापून त्याला आकडा बसवला. चाके भाताच्या खाचरात जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा त्यांना लोखंडी नख्या मारल्या. नांगरट झाली. पण मावळातली चिकट माती उन्हाने वाळली आणि शेतभर डेऱ्याएवढी ढेकळे उभी राहिली. ती फोडायला चिंतामणरावांनी पुण्याच्या लिलावातून हे तवे आणले. रखमाजीने त्यांना चौकट केली, साखळी केली, यंत्रामागे जोडले. आणि तवे ढेकळांवरून कोंबडीसारखे टुणटुणत गेले. एकही ढेकूळ फुटले नाही.

"वजन पायजे," कोंडाजी म्हणाला. "अंबू उभी ऱ्हाईल."

यात कुणाला काही नवल वाटले नाही. त्या भागात ढेकळे फोडायला बैलांमागे मैंद, म्हणजे जाड फळी, ओढतात आणि तिच्यावर घरातले कुणीतरी उभे राहते. कोंडाजीच्या घरात ते कुणीतरी म्हणजे अंबूबाई. लग्नाच्या सालापासून. पोटुशी असताना ती मैंदावर उभी राहिली, लेकरू पाठीला बांधून उभी राहिली. पाय घसरून ती खाली आली की कोंडाजीने कासरा ओढण्याआधीच बैल थांबत, मान वळवून बघत.

एकट्या चिंतामणरावांनी जरा का कू केले. "कोंडाजी, यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रात तव्यांवर माणूस दिसत नाही रे."

"चित्रातली जमीन मऊ आसंल, मालक."

पुन्हा हशा झाला. चिंतामणरावांनी विषय सोडला. बटाट्याचे बेणे खोलीत येऊन पडले होते, त्याला कोंब फुटले होते. मळा चार दिवसांत तयार झाला नाही तर यंत्र चालवायला पुण्याहून माणूस आणीन, असे ते दोनदा बोलून गेले होते.

फळीवरून उतरताना अंबूबाईने बैल हाकायची काठी तव्यांना टेकवून ठेवली. रखमाजीने चौकट जरा पुढे सरकवली. काठी कुठे अडलीसुद्धा नाही. दोन तुकडे झाले आणि तवे पुढे गेले. आवाजही झाला नाही. तिने रखमाजीकडे बघितले. रखमाजी तुकड्यांकडे बघत होता.

"धार जरा जादाच झाली का, भावजी?"

"मातीत बोथटंल," तो म्हणाला. मग हळूच, "दांडा सोडू नगा, वैनी. कायबी झालं तरी."

जन्मात पहिल्यांदा अंबूबाईला वाटले, आज नको म्हणावे. शब्द ओठांपर्यंत आला. तेवढ्यात कोंडाजी बैठकीवर चढला. पन्नाशीचा गडी, पण नव्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. पुण्याचा माणूस आला तर हा उद्या दुसऱ्याच्या बांधावर खुरपे घेऊन बसेल. तिने शब्द गिळला.

"खाऊन आलीस न्हवं?" कोंडाजी ओरडला. "न्हाईतर वजन कमी पडायचं!"

"तुमच्या हातची भाकर आसती तर दोन जास्त खाल्ल्या आसत्या!"

चिंतामणरावांनी यंत्र सुरू करायची दांडी फिरवली. यंत्र खोकले आणि भडभडू लागले. झाडावरची पाखरे एकदम उठली.

पहिली फेरी चांगली गेली. ढेकळे भसाभस फुटत होती, मागे काळी भुसभुशीत पट्टी उमटत होती. अंबूबाईचे दात वाजत होते, पण तोल जमला. नवल एकाच गोष्टीचे वाटत होते. बैलांमागे असताना दोघे दिवसभर बोलत. लेकीच्या सासरचे, कांद्याचे, शेजारणीच्या भांडणाचे. आता तिने दोनदा हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

दुसऱ्या फेरीला वरच्या बांधापाशी यंत्र वळले. तिथे जांभळाचे जुने मूळ मातीखाली होते. एका अंगाचे तवे मुळावर चढले, फळी उसळली. अंबूबाईने दांडा सोडला नाही. पण डावा पाय फळीच्या पुढच्या कडेवरून निसटला आणि खाली गेला.

ती किंचाळली. ते मात्र त्याला ऐकू गेले.

कोंडाजीने मागे बघितले आणि सगळा जीव घशात आणून ओरडला, "होऽ! होऽ रं राजा! होऽऽ!" दोन्ही हातांनी चाक धरून त्याने कासऱ्यासारखे छातीकडे ओढले. मागे रेलला. पायाखालचा खटका दाबायचा, हे त्याच्या पायाला आठवलेच नाही. यंत्र त्याच चालीने पुढे चालले.

"पाय दाब! कोंडाजी, पाय!" चिंतामणराव बांधावरून धावत होते.

"होऽ रं! होऽऽ!"

रखमाजीने पळत येऊन त्याचा गुडघा दोन्ही हातांनी खाली दाबला, तेव्हा यंत्र थांबले.

चिंतामणरावांच्या मोटारीतून तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेले. डावे पाऊल घोट्यापासून काढावे लागले. कोंडाजी रोज चालत यायचा, खाटेशेजारी जमिनीवर बसायचा आणि अंधार पडायच्या आत उठायचा. एकदा तिनेच विचारले, "मळा झाला का?"

"निम्मा झाला."

"फळीवर कोन?"

तो उठून पाणी आणायला गेला.

महिन्याने रखमाजी बैलगाडी घेऊन तिला आणायला आला. गाडीत त्याने पेंढा जाड अंथरला होता. वाटेत तो हवापाण्याचे बोलत राहिला. औंढ्याजवळ आल्यावर मळ्यातून यंत्राचा आवाज ऐकू आला.

"थांबवा जरा," ती म्हणाली.

"कशापायी, वैनी? जाऊ या की घरला."

"थांबवा म्हन्ते ना."

गाडी बांधाकडेला उभी राहिली. मळ्यात बटाटा लागून झाला होता, आता खालच्या वावरात कोंडाजी तवे चालवत होता. फळीवर ओढ्यातले काळे धोंडे होते, सोलाच्या जाड दोराने आवळून बांधलेले. चारच धोंडे.

"पुरतंय का वजन?" अंबूबाईने विचारले.

रखमाजीने मान खाली घातली. "पुरतंय, वैनी."

यंत्र बांधापाशी आले. वळायच्या आधी कोंडाजीने पाय दाबला, यंत्र थांबवले. खाली उतरला. मागे जाऊन एकेका धोंड्याला हात लावून बघितला, हलतोय का म्हणून. सोल पुन्हा आवळला. मग बैठकीवर चढला आणि वळला. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा थांबला, पुन्हा उतरला. गाडीकडे त्याचे लक्ष नव्हते.

अंबूबाईने तशी एक अख्खी फेरी बघितली.

"चला, भावजी," ती म्हणाली. "ऊन लागतंय."